एंजल आणि निऑन टेट्रा एकाच टाकीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माशांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती या जोडीची. दुकानात एका टाकीत एंजल डौलात फिरत असतो, शेजारच्या टाकीत निऑनचा थवा लुकलुकत असतो, आणि दोन्ही एकत्र किती छान दिसतील या विचारात माणूस दोन पिशव्या घेऊन घरी येतो. प्रश्न त्यानंतर सुरू होतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, आधी सोपे, मग किचकट. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एंजल आणि निऑन एकत्र ठेवता येतात का? हो की नाही एवढंच सांगा.

हो, पण अटी आहेत. टाकी किमान तीन फुटी हवी. निऑन पूर्ण वाढलेले आणि आधी सोडलेले हवेत. एंजल लहान आणि नंतर आणलेले हवेत. यातली एक जरी अट मोडली तर निऑन एकेक करून कमी होत जातात. सगळ्या अटी पाळूनही पूर्ण खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

२. दुकानदार म्हणाला एंजल एकदम शांत मासा आहे. मग तो निऑन खातो कसा?

दुकानदार खोटं बोलला नाही. एंजल भांडकुदळ नसतो, उगाच कुणाच्या मागे लागत नाही. पण तो सिक्लिड कुळातला आहे, आणि तोंडात मावणारी हलती वस्तू म्हणजे अन्न, एवढा एकच हिशोब त्याला कळतो. इथे स्वभावाचा संबंध नाही, मापाचा आहे. पूर्ण वाढलेला निऑन तीन ते साडेतीन सेंटिमीटर लांब आणि काडीसारखा बारीक. एंजलचं तोंड बंद असताना इवलंसं दिसतं, पण ते नळीसारखं पुढे येतं. खाताना एकदा जवळून बघा, जबडा चक्क बाहेर सरकतो.

माझ्याकडे पहिल्या वेळी बारा निऑन होते आणि तीन एंजल, तेही चांगले तळहाताएवढे. आठवडाभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग एका सकाळी दिवा लावला तर मोठ्या एंजलच्या तोंडातून लाल शेपटीचा तुकडा बाहेर आलेला, आणि साहेब स्थिर उभे, जणू काही झालंच नाही. मोजले तर निऑन नऊ. रागवायचं तरी कुणावर? मापं न घेता मीच आणले होते.

३. दोघंही ॲमेझॉनचेच ना? मग तिथे एकत्र राहतातच की!

जंगलात हरीण आणि वाघही एकत्रच राहतात.

गंमत सोडली तर, ॲमेझॉनचं खोरं अवाढव्य आहे आणि निऑन मुख्यतः वरच्या अंगाला, पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलच्या पश्चिम भागातल्या लहान, सावलीतल्या ओढ्यांमध्ये सापडतो. एंजल मोठ्या नद्यांच्या संथ काठांवर, पाण्यात बुडालेल्या मुळ्या-फांद्यांच्या जाळीत राहतो. त्याचं चपटं अंग आणि उभे पट्टे त्या जाळीत दडायला आणि दडून शिकार करायला सोयीचे आहेत. जिथे दोघांची गाठ पडते तिथे लहान टेट्रा हे एंजलचं नेहमीचं खाणं आहे. फरक एवढाच की नदीत पळायला जागा असते, तुमच्या हॉलमध्ये चार काचा असतात.

नावांचं सांगायचं तर निऑनचं शास्त्रीय नाव पॅराकायरोडॉन इनेसी. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी त्याचं वर्णन केलं आणि विल्यम इनेस या अमेरिकी मत्स्यपालन-संपादकाचं नाव त्याला दिलं. एंजल बराच जुना, टेरोफिलम स्केलेअर म्हणून १८२३ पासून नोंदलेला.

४. दोन फुटी टाकी आहे. त्यात दोन एंजल आणि दहा निऑन चालतील?

निऑन चालतील, एंजल नाही. २४ × १२ × १५ इंचांच्या टाकीत काठोकाठ भरलं तरी सत्तर लिटर पाणी बसतं. एंजल आज रुपयाएवढा दिसत असेल, पण पूर्ण वाढल्यावर वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत तो वीस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरतो. म्हणून एंजलसाठी लांबीइतकीच उंची महत्त्वाची. उथळ टाकीत त्याचे पर वाकतात.

३६ × १५ × १८ इंच हे माझं किमान माप. त्यात साधारण १६० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, वाळू आणि दगड धरून वजन दोनशे किलोच्या वर जातं, तेव्हा टीपॉयवर किंवा प्लायच्या शोकेसवर ही टाकी ठेवू नका. लोखंडी स्टँड घ्या, खाली सपाट थर्माकोल टाका, आणि शक्यतो भिंतीलगत ठेवा.

५. नळाचं पाणी चालेल का? आमच्याकडे बोअर आहे. आरओचं वापरू का?

तिन्ही पाण्यांची तीन वेगळी उत्तरं.

महापालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी उत्तम. मुंबईला भातसा-वैतरणा-तानसाचं, पुण्याला खडकवासल्याचं, म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊसच नळाला येतो. त्यात क्षार कमी असतात आणि या जोडीला मऊ पाणीच हवं असतं. अडचण फक्त क्लोरीनची. बादली उघडी ठेवून चोवीस तास पाणी मुरू द्या किंवा अँटिक्लोरचे थेंब टाका. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीन वाढवतात, बादलीला वास येतो. त्या दिवसांत थेंब टाकाच.

बोअरचं पाणी जड. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५००, ८०० असे आकडे मी पाहिले आहेत. आपल्याकडे मिळणारे निऑन पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले असतात, त्यामुळे थोडं जड पाणी ते सोसतात, पण आठशेला त्यांची तब्येत टिकत नाही. एंजल त्या मानाने काटक. बोअरच्या पाण्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मग पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) अचानक घसरतो, म्हणजे पाणी आम्ल होतं.

आणि हे तर दर महिन्याला कुणी ना कुणी करतंच: आरओच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते टाकीत ओतणं. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. त्याने लादी पुसा.

६. दोघांना एकच तापमान चालतं का? हीटर लागतोच का?

निऑनला २१ ते २६ अंश मानवतं, एंजलला २४ ते ३०. दोघांना पटणारी पट्टी अरुंद आहे: २४ ते २६. टाकी तिथेच ठेवायची.

पुणे, नाशिकला डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच. लिटरला साधारण एक वॉट धरा. दिवस-रात्रीचा चढउतार थंडीपेक्षा जास्त घातक असतो. मुंबई-कोकणात हीटर बहुधा नुसता पडून राहतो.

उलट त्रास उन्हाळ्याचा. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात टाकी तिशीच्या वर जाते. एंजल आरामात असतो आणि निऑन वरच्या थराला येऊन धापा टाकतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून वर जाळी टाका, म्हणजे मासे उडी मारून बाहेर पडणार नाहीत, आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. बर्फाचे खडे टाकू नका. तासाभरात तापमान खाली-वर होतं आणि निऑनला तेच सोसत नाही.

७. आजच टाकी आणली. मासे कधी सोडू?

आज नाही. उद्याही नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच कमी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि वस्ती बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, काम लवकर होईल.

निऑन नव्या टाकीत हमखास मरतात. "दुकानातून आणले आणि तिसऱ्या दिवशी गेले" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

८. आधी कोण सोडायचं? आणि निऑन किती?

आधी निऑन. किमान बारा, जागा असेल तर वीस. थवा मोठा असला की एकट्या-दुकट्यावर नजर ठरत नाही, आणि निऑनही धीट राहतात. चार-पाच निऑन आणले तर ते कोपऱ्यात दडतात, आणि दडलेला, बिचकून पळणारा मासाच एंजलची नजर ओढतो.

निऑनना दोन-तीन महिने टाकीत वाढू द्या. पूर्ण माप झालं, पोट भरलेलं दिसू लागलं की मग एंजल आणा. असं वाढल्यावर एंजलला निऑन पहिल्या दिवसापासून शेजारी म्हणून दिसतात, खाणं म्हणून नाही. निदान आपण तशी आशा करतो. एंजल वाढेल तसा त्याचा हिशोब बदलूही शकतो, ते प्रश्न १५ मध्ये.

९. एंजल किती ठेवायचे? जोडी घेऊ का?

दुकानात "जोडी" म्हणून जे दोन मासे देतात ते नुसते दोन मासे असतात. एंजलचा नर-मादी फरक लहानपणी कळत नाही, अंडी घालायच्या वेळी दिसणाऱ्या नळीवरून कळतो: मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. दोन माद्याही जोडी जमवतात आणि न फळणारी अंडी घालतात, मग लोक महिनोन्‌महिने पिल्लांची वाट बघत बसतात.

तीन फुटी टाकीत चार-पाच लहान एंजल घ्या. सात-आठ महिन्यांत आपापसात जोडी ठरली की ती जोडी बाकीच्यांना हाकलू लागते. तेव्हा उरलेले दुकानात परत द्या. हे करायला जमणार नसेल तर एकच एंजल ठेवा. एकटा एंजल सुखाने राहतो. दोन ठेवू नका, दोघांत दबणाऱ्याचे हाल होतात.

१०. दुकानात निवडताना काय बघू?

एंजलचं अंग, पर सोडून, रुपयाच्या नाण्याएवढं असावं. डोळा अंगाच्या मानाने फार मोठा दिसत असेल तर तो मासा उपाशी वाढला आहे, त्याची वाढ खुंटलेली आहे. रंगप्रकार प्लॅटिनम, मार्बल, कोई, ब्लॅक, काहीही घ्या, भूक सगळ्यांची सारखीच.

निऑनच्या टाकीसमोर पाच मिनिटं उभे राहा. निळी रेघ डोळ्यापासून पाठीपर्यंत सलग हवी. अंगावर फिकट ठिपका, वाकडी पाठ, थव्यापासून लांब एकटा तरंगणारा मासा, यातलं काही दिसलं तर त्या टाकीतला एकही निऑन घेऊ नका, चांगला दिसणाराही नाही. कारण प्रश्न १४ मध्ये. दुकानात माल कधी आला तेही विचारा. कालच आलेले मासे आठवडाभर तिथेच राहू द्या. जे जगायचे ते जगतात, नुकसान दुकानदाराचं होतं. थोडं स्वार्थी आहे, पण मी असंच करते.

घरी आणल्यावर नव्या माशांना तीन आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवा.

११. झाडं लावलीच पाहिजेत का? प्लॅस्टिकची चालतील?

निऑनना आडोसा हवा, तो खरा की खोटा हे त्यांना फारसं कळत नाही. तरी खरी झाडं लावा. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाची गर्दी, मध्ये एक-दोन अमेझॉन स्वोर्ड, लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. ही सगळी साध्या उजेडात तगतात. पुढचा आणि मधला भाग मोकळा ठेवा, एंजलला तिथे वळायला जागा लागते.

प्लॅस्टिकची झाडं वापरलीच तर बोटाने चाचपून घ्या. टोकदार कडांनी एंजलचे लांब पर फाटतात.

१२. खायला काय आणि कधी? एंजल सगळं संपवतो, निऑनना काही मिळतच नाही.

दोन टोकांना दोन वाढपी. आधी टाकीच्या एका टोकाला एंजलचे पेलेट टाका, तो तिकडे गेला की दुसऱ्या टोकाला निऑनसाठी चुरलेले फ्लेक्स किंवा बारीक दाणे. आठवड्याभरात दोघांनाही आपापलं ताट कळतं. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले ब्लड वर्म किंवा आर्टेमिया द्या. दुकानात तबकात वळवळणारे जिवंत ट्यूबिफेक्स स्वस्त असतात आणि मासे त्यावर तुटून पडतात, पण ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग घेऊन येतात. मी बंद केले.

दिवा बंद करायच्या आधी एंजलचं पोट भरलेलं असू द्या. पहाटेच्या अर्धवट उजेडात उपाशी एंजल आणि सुस्त निऑन, ही गाठ टाळायची आहे.

१३. ताई, रात्री दिवा लावला तर निऑनचा रंगच गेला होता! आजारी आहेत का?

नाही, झोपले होते. निऑनची निळी रेघ शाईसारखा रंग नाही. त्वचेच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म पापुद्रे असतात, त्यावरून उजेड परतून तो निळा दिसतो, आणि या पापुद्र्यांची रचना बदलली की रंगही बदलतो. अंधारात रेघ जांभळट, मग फिकी होते. सकाळी दिवा लावल्यावर दहा-वीस मिनिटांत निळा परत येतो. दिवसभर उजेडात राहूनही फिका असेल तर मात्र पुढचा प्रश्न वाचा.

१४. एका निऑनच्या पाठीवर पांढरा पट्टा आला आहे आणि तो वाकडा पोहतो. एंजलला लागण होईल का?

ही बहुधा निऑनची व्याधी. प्लाइस्टोफोरा नावाचा सूक्ष्म परजीवी स्नायूंमध्ये शिरतो, तिथला रंग जातो, पाठ वाकते. यावर खात्रीचा इलाज नाही. आजारी मासा ताबडतोब वेगळा करा.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही की हा रोग फक्त निऑनचा नाही, एंजललाही होतो. आणि तो पसरतो तो मुख्यतः मेलेला किंवा मरणारा मासा दुसऱ्याने कुरतडल्याने. या जोडीत नेमकं तेच घडतं: निऑन अशक्त होतो, एंजल त्याला गिळतो. म्हणून "एंजल साफ करेल" असं म्हणून आजारी मासा टाकीत ठेवू नका.

अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे असतील तर तो वेगळा आजार, व्हाइट स्पॉट. त्यावर औषध आहे, पण टेट्रा औषधाला नाजूक असतात. बाटलीवर टेट्रासाठी वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच वापरा, नसेल तर अर्ध्यापासून सुरुवात करा. तापमान तिशीवर नेण्याचा जो सल्ला मिळतो तो नुसत्या एंजलच्या टाकीसाठी ठीक आहे, निऑन असताना नाही.

१५. दोन वर्षं सगळं छान होतं. आता निऑन पाचच उरलेत. नवे आणून टाकू का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि टाकी घेताना तो कुणाच्याच डोक्यात नसतो. आपल्या टाक्यांत निऑन साधारण तीन ते पाच वर्षं जगतो, एंजल दहाच्या आसपास. म्हणजे कधी ना कधी थवा विरळ होणार, आणि तेव्हा एंजल ताटलीएवढा झालेला असणार. दुकानात मिळणारे निऑन दोन सेंटिमीटरचे. प्रश्न ८ मधली सगळी मेहनत तेव्हा उलटी पडते, कारण नवे निऑन त्याच्या ओळखीचे नसतात.

करायचंच असेल तर नवे निऑन वेगळ्या टाकीत तीन महिने वाढवा. पूर्ण मापाचे झाल्यावर दहा-बारा एकदम सोडा, दोन-दोन करून नको. सोडायच्या दिवशी टाकीतली लाकडं-झाडं हलवून मांडणी बदला, म्हणजे एंजलचं हद्दीचं भान मोडतं. त्याला पोटभर खाऊ घाला आणि संध्याकाळी दिवा बंद करून निऑन सोडा. माझ्याकडे हे एकदा जमलं, एकदा नाही.

माझं मत विचाराल तर उरलेल्या पाच निऑनना त्यांचं आयुष्य जगू द्या आणि पुढची भर दुसऱ्या माशाची करा, प्रश्न १८ पाहा.

१६. रोज एक निऑन कमी होतोय. मेलेला मासा कुठेच दिसत नाही. एंजलच खातोय ना?

बहुधा, पण आधी तीन जागा तपासा. फिल्टरचं तोंड: अशक्त निऑन तिथे ओढला जातो, म्हणून तोंडावर स्पंज चढवा. टाकीमागची जमीन: झाकणाच्या फटीतून उडालेला निऑन वाळून पिंपळपानाच्या देठासारखा पडलेला असतो. आणि लाकडाखालची पोकळी. निऑन एवढा लहान की मेल्यावर एका रात्रीत बाकीचे त्याचा फडशा पाडतात, म्हणजे आधी मेला आणि मग खाल्ला गेला हेही शक्य आहे. अमोनियाची चाचणी करा. पाणी चांगलं आणि बाकीचे निऑन टवटवीत असतील तर चोर तोच.

एकदा चटक लागलेला एंजल सुधारत नाही. वेगळा करा.

१७. एंजलने झाडाच्या पानावर अंडी घातली. आता निऑनचं काय?

अभिनंदन, आणि निऑनना सांभाळा. जोडी पान किंवा फिल्टरची नळी आधी तोंडाने घासून साफ करते, त्यावर शिस्तीत रांगेने अंडी घालते आणि पराने वारा घालत राखण करते. त्या दिवसांत शांत एंजल अर्धी टाकी आपली म्हणून घेतो आणि निऑनना हुसकावत राहतो. इथे नेहमीची गोष्ट उलटी होते: अंडी आणि पिल्लं खाणारे निऑन असतात, आणि रात्री दिवा बंद झाला की राखण ढिली पडते.

अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पिल्लं पोहायला आणखी पाच दिवस घेतात. पिल्लं वाचवायची असतील तर पानासकट अंडी दुसऱ्या टाकीत न्या. वाचवायची नसतील तर काही करू नका. नवखी जोडी पहिल्या दोन-तीन खेपा स्वतःच अंडी खाऊन टाकते.

१८. निऑनऐवजी कार्डिनल घेऊ का? टायगर बार्ब? एखादा देशी मासा?

कार्डिनल थोडा मोठा, चार-पाच सेंटिमीटर, आणि लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. निऑनचा लाल अर्ध्यातून सुरू होतो, हीच ओळख. उष्णताही तो जास्त सोसतो, त्यामुळे एंजलशी त्याचं जरा बरं जमतं. पण तो रिओ नेग्रोचा, पाणी आणखी मऊ लागतं, आणि महागही पडतो. धोका कमी होतो, जात नाही.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा मुळीच नको. हे एंजलचे लोंबते पर कुरतडतात, इथे बळी एंजलचा जातो. निऑन सहसा असं करत नाहीत.

देशी म्हणून डेनिसन बार्बबद्दल विचारतात. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाचा मासा, सह्याद्रिया या प्रजातीतला, देखणा. पण तो वाहत्या, थंड पाण्यातला, पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा आणि सतत धावणारा. संथ एंजलला त्याची धावपळ सोसत नाही. शिवाय जंगलातून पकडून पकडून तो धोक्यात आलेला आहे.

एंजलसोबत मला सगळ्यात निर्धास्त वाटतात ते कोरिडोरस. तळाशी असतात, काटेरी असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोठी टाकी असेल तर काँगो टेट्रा, तो आफ्रिकेचा असला तरी चालतो.

१९. दिवाळीला आठ दिवस गावी जातो. आणि आमच्याकडे वीजही जाते. काय करू?

चार-पाच दिवस मोठे मासे उपाशी राहू शकतात, पण या टाकीत उपाशी एंजल परवडत नाही. एकेका दिवसाचं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून, वार लिहून शेजाऱ्यांकडे द्या. डबा देऊ नका. शेजारच्या काकूंना माशांची दया येते, त्या मूठभर टाकतात, आणि आल्यावर पाणी दुधासारखं दिसतं.

विजेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. वीज गेली की आपोआप सुरू होणारे मिळतात.

२०. वास्तूसाठी नऊ मासे हवेत म्हणतात. नऊ एंजल ठेवू का?

तीन फुटांत नऊ एंजल म्हणजे रोजची भांडणं. घरात आकड्याचा आग्रहच असेल तर आठ निऑन (प्रश्न ८ मधल्या बारापेक्षा कमीच) आणि एक एंजल, नऊ भरतात. आकडा नऊच राहील याची हमी मात्र एंजलकडून घ्या.

२१. जमलंच नाही तर एंजल कुठे सोडू? जवळ तलाव आहे.

तलावात, विहिरीत, नदीत कुठेही नाही. एंजल इथला नाही. जगला तर इथल्या लहान माशांवर जगेल, न जगला तर तडफडून मरेल. घरच्या टाक्यांतून सोडलेल्या सकर माशांनी उजनीच्या कोळ्यांची जाळी फाडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत, तोही कुणाला तरी "लहानच तर आहे" असंच वाटलं होतं.

वाढवलेला, निरोगी एंजल बहुतेक दुकानदार परत घेतात. रोख देत नाहीत, पण बदल्यात खाण्याचा डबा किंवा झाडं मिळतात. माझ्या त्या निऑनखाऊ एंजलचे मला दोन अनुबियास मिळाले. दुकानातल्या टाकीत सोडला तेव्हा तो पहिल्यांदा शेजारच्या काचेकडे वळला, तिकडे निऑन होते.